मी माझ्यावरच चिडलोय

गॉल्फ खेळणाऱ्या सभ्य माणसांचं एक आवडतं वाक्य आहे. चेंडू पाण्यात जातो, तोंडातून नको ते निघून जातं, हातातला क्लब चार हात लांब जाऊन पडतो. मग आजूबाजूचे चेहरे दिसतात, गृहस्थ भानावर येतात आणि म्हणतात, "सॉरी हं. तुमच्यावर नाही, मी माझ्यावरच चिडलोय." ऐकणारे लगेच समजूतदारपणे माना डोलावतात. जणू स्वतःवरचा राग हा रागातला सोवळा प्रकार आहे. दुसऱ्यावर चिडणं वाईट, स्वतःवर चिडणं म्हणजे उलट प्रामाणिकपणा. मला हे कधी पटलं नाही. आता सत्तरी ओलांडली, तेव्हा का पटत नाही ते मोकळेपणानं सांगायला हरकत नाही.

मी भूलतज्ज्ञ होते. माहेर सांगलीकडचं, दिगंबर जैन. शिक्षण मिरजेला. नवरा सैन्यात डॉक्टर, त्यामुळे बदलीच्या गावी शाळा धड असो वा नसो, गॉल्फचं मैदान बहुधा असायचं. काही छावण्यांत हिरवळ राखण्याइतकं पाणीच नसे, तिथे ग्रीनच्या जागी तेल घातलेल्या वाळूचे 'ब्राउन्स' असत. त्यावर मी चेंडू ढकलायला शिकले. पुढे पुण्यात स्थिरावलो आणि शनिवार-रविवारची चौकडी जमली. तीत दोन सर्जन. म्हणजे आठवडाभर ज्यांच्या समोर उभी, सुट्टीला त्यांच्याच बरोबर चालत.

भूल देणाऱ्याची जागा रुग्णाच्या डोक्याशी असते. मधे हिरवा पडदा, पलीकडे सर्जन. तिथून रुग्णापेक्षा सर्जन जास्त नीट दिसतो. रक्तस्राव थांबेना की त्याच्या भुवया आधी बोलतात, मग तो दिव्यावर चिडतो, मग नीडल होल्डरवर, मग तो हातात देणाऱ्या सिस्टरवर. आर्टरी फोर्सेप्स ट्रेमध्ये आपटलेली मी पाहिली आहे, ट्रेच्या बाहेर गेलेलीही. पण तिथे रागाला नेहमी एक भारदस्त कारण असतं: रुग्णाचा जीव. त्या कारणाच्या पदराखाली सगळं झाकलं जातं. आम्हीही झाकायचो. 'सर टेन्शनमध्ये आहेत' एवढं म्हटलं की संपलं.

गॉल्फमध्ये तो पदर नाही, म्हणून रागाचा अभ्यास करायचा तर हा खेळ फार सोयीचा. चेंडू स्थिर असतो. कोणी तो तुमच्या अंगावर टाकत नाही, कोणी अडवत नाही. पाहिजे तेवढा वेळ घ्या, दोनदा हवेत फिरवून बघा, मग मारा. प्रतिस्पर्धी असलाच तर तो गप्प उभा असतो. हौशी माणसाचं पोट यावर अवलंबून नाही. पैज असते ती नाश्त्याच्या बिलाची, आणि बिल देण्याची ऐपत चौघांचीही असते. अपमान नाही, अन्याय नाही, नुकसान नाही, धोका नाही. तरीही साठीतला, नातवंडं असलेला, रोज सकाळी प्राणायाम करणारा माणूस लालबुंद होतो. बाहेरच्या जगात राग नेहमी कारणांमध्ये कालवलेला मिळतो. इथे तो निथळून वेगळा मिळतो.

मग हा राग कोणावर? चेंडूवर म्हणावं, तर ते उंबऱ्याला ठेच लागलेल्या पोराची समजूत घालायला आई उंबऱ्यालाच चापट मारते, तसलं झालं. पोर दोन वर्षांचं असतं, त्याला शोभतं. म्हणून मोठी माणसं चेंडूचं नाव घेत नाहीत, स्वतःचं घेतात.

इथे मला मुक्ताबाई आठवते. लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या बहिणीनं त्यांची समजूत काढली ते ताटीचे अभंग. त्यात तिचा एक युक्तिवाद असा आहे की आपल्याच दातांखाली आपली जीभ आली म्हणून कोणी दात पाडून घेत नाही. सगळं विश्व एकच, मग दुखावणारा आणि दुखावलेला असे दोघे वेगळे कुठून आणायचे, हा तिचा मुद्दा. तो मान्यच. पण तिचा सगळा युक्तिवाद एका गृहीतकावर उभा आहे: निदान स्वतःच्या अवयवावर तरी माणूस सूड उगवत नाही. मुक्ताबाईंनी गॉल्फ पाहिला नव्हता. हात चुकला म्हणून मांडीवर मूठ हाणणारे, डोक्यावर टोपी आपटणारे, गुडघ्यावर पटरचे दोन तुकडे करणारे लोक मी पाहिले आहेत. जीभ चावली म्हणून दात पाडून घेणारा माणूस असतो. तो रविवारी सकाळी सहाला टी-ऑफ करतो.

तेव्हा 'माझ्यावर' म्हणजे नेमकं कोणावर, हे विचारायला हवं.

माझी आई रोज स्वाध्याय करायची. कषाय चार, क्रोध, मान, माया, लोभ, हे आम्हा भावंडांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. क्रोधाचा नंबर पहिला, म्हणून लहानपणी मला वाटे की तोच सगळ्यांत मोठा. गॉल्फच्या मैदानावर माझं मत बदललं. इथला क्रोध स्वतःच्या पायावर उभाच राहत नाही, तो मानाच्या खांद्यावर बसून येतो. मनात आपली एक तसबीर असते: एकशे ऐंशी यार्ड सरळ मारणारा मी. पाचव्या होलला एकदा तसा फटका खरोखर बसलेला असतो, आणि तेवढ्यावर तसबिरीला हार चढतो. सातव्या होलला क्लब चेंडूच्या डोक्याला चाटून जातो आणि चेंडू वीस यार्ड घरंगळतो, तेव्हा राग येतो तो त्या हाताचा नाही. तसबिरीला जो तडा गेला त्याचा. चिडणारा 'मी' तसबिरीतला असतो आणि ज्याच्यावर चिडतो तो प्रत्यक्षातला, उन्हात घाम पुसत उभा असलेला. या भांडणात खरा कोण, हे सांगायला सिद्धान्तशास्त्री लागत नाही.

गंमत म्हणजे गॉल्फनं या मानाला सरकारी शिक्का मारलेलाही एक कागद देऊन ठेवला आहे. हँडिकॅप. हौशी खेळाडूचा हँडिकॅप चोवीस म्हणजे अठरा होल्समध्ये पारपेक्षा, म्हणजे मैदानाला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, चोवीस फटके जास्त लागतील हे धरून चाला, असा दाखला. म्हणजे दर होलला एक फटका वाया जाणार, काही ठिकाणी दोन, हे आधीच मान्य. एवढं लेखी मान्य असताना वाया गेलेल्या फटक्यावर चिडायचं कशाला? उत्तर त्या हिशेबातच आहे. 2020 पासून जगभर लागू झालेल्या पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांमधल्या सगळ्यांत चांगल्या आठांची सरासरी काढतात. उरलेल्या बारा बाजूला. म्हणजे ज्याला आपण 'माझा खेळ' म्हणतो ती आपल्या बऱ्या दिवसांची सरासरी असते, आणि बहुतेक रविवारी माणूस तिच्या खालीच खेळणार हे उघड आहे. स्पर्धेच्या न्यायासाठी ही पद्धत योग्यच. पण ती सरासरी मनात धरून जो मैदानात उतरतो, तो पहिल्या टीवरच स्वतःचा देणेकरी होऊन उभा राहतो.

या दुखण्यावर औषध एका डॉक्टरनंच काढलं, हे सांगायला मला आवडतं. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड, पेशानं सर्जन. लिव्हरपूलजवळच्या वॉलसी क्लबात 1932 साली त्यांनी गुणांची पद्धत रूढ केली. तुमच्या हँडिकॅपनुसार होल पारमध्ये झाला तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, त्याहून वाईट झाला तर शून्य. शून्य झालं की चेंडू उचला, पुढे चला. एक होल बिघडला म्हणून माणसानं सगळी फेरी सोडू नये, यासाठी ही तजवीज. आमच्याकडच्या हौशी स्पर्धा बहुतेक याच पद्धतीनं होतात. औषध चांगलं आहे, कार्डापुरतं लागूही पडतं. पण कार्डावर शून्याच्या खाली जाता येत नाही, तसा नियम रागाला कोणी लावलेला नाही. माणूस चेंडू उचलतो आणि पुढच्या टीवर तो मागचा होल बरोबर घेऊन जातो.

नियमपुस्तकाचंही या बाबतीत कौतुक वाटतं. फेरी चालू असताना क्लब मोडला तर काय, हा प्रश्न. 2023 पासूनचं उत्तर असं: तुम्ही क्लबशी दांडगाई केली नसेल तर तो दुरुस्त करा किंवा बदला. रागानं आपटून मोडला असेल तर बदली मिळणार नाही, मोडक्यानंच खेळा, नाहीतर त्याच्याशिवाय. फटका मारताना झाडाच्या मुळावर आदळून वाकलेली दांडी आणि गुडघ्यावर वाकवलेली दांडी दिसायला सारखीच. फरक भावाचा. आमच्याकडे प्रत्यक्ष घडलेली द्रव्यहिंसा आणि मनातली भावहिंसा असा भेद करतात, तो इंग्रजांच्या खेळात सापडला तेव्हा मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

आणि बंकर, तो वाळूचा खड्डा! तो पाहिला की माहेरची एक उपमा आठवते. जैन आचार्य नेमिचंद्रांच्या 'गोम्मटसारा'त क्रोधाचे चार दर्जे सांगितले आहेत: दगडावरची रेघ, जमिनीतली भेग, धुळीतली रेघ, पाण्यावरची रेघ. कोण किती काळ टिकते ते सांगायला नको. गॉल्फच्या मैदानावर यातले तीन तर आखूनच ठेवलेत. गवताचा उखडलेला तुकडा परत जागेवर बसवायचा, वाळूतले ठसे दाताळ्यानं सारखे करायचे, ही खेळाडूची रीतच आहे. पाण्याचं पाणी बघून घेतं. दगडावरची रेघ मात्र माणूस घरून घेऊन येतो. आमचे कर्नलसाहेब, म्हणजे माझे यजमान, यांनी आयुष्यात क्लब फेकला नाही. ते फक्त गप्प होतात. तिसऱ्या होलला ग्रीनवर तीन फटके लागले तर रात्रीच्या आमटीपर्यंत गप्प. लोक म्हणतात, काय संयम! मला विचारा.

बॉबी जोन्सची गोष्ट गॉल्फवाले नेहमी अर्धीच सांगतात. 1921 साल, एकोणीस वर्षांचा अमेरिकन मुलगा, सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान, ब्रिटिश ओपनची तिसरी फेरी. पहिल्या नऊ होल्सना 46 फटके गेले, अकराव्याला बंकरात अडकला आणि स्पर्धाच सोडून दिली. त्याची त्याला पुढे फार लाज वाटली. 1930 साली त्यानं ब्रिटन-अमेरिकेच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. तोवर हौशीच राहिला, पोटासाठी वकिली केली. 1958 साली त्याच सेंट अँड्र्यूज गावानं त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. राग, पश्चात्ताप, यश. व्याख्यानात सांगायला उत्तम. गाळला जातो तो भाग असा की त्याच 1921 सालात, अमेरिकेच्या हौशी स्पर्धेत, त्यानं संतापून भिरकावलेला क्लब प्रेक्षकांतल्या एका बाईच्या पायाला लागला. तिथल्या गॉल्फ संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला पत्र लिहिलं: स्वभाव आवरता येणार नसेल तर आमच्या स्पर्धांत खेळता येणार नाही. जोन्सही स्वतःवरच चिडला होता. स्वतःवरचा राग हवेतून गेला आणि दुसऱ्याच्या पायावर उतरला. पुढच्या सगळ्या गौरवगाथेत ती बाई म्हणजे नुसता एक पाय.

आमच्या मैदानावर तो पाय कॅडीचा असतो.

पाण्यावरून मारायचा एक छोटा होल आहे. एकदा आमच्यातले एक सर्जन तिथे उभे होते. कॅडी म्हणाला, "सर, सात नंबर घ्या, वारा समोरून आहे." त्यांनी आठ घेतला. चेंडू काठाच्या अलीकडे डुबुक. ते वळले आणि त्या पोराला म्हणाले, "वारा आहे तर नीट सांगता येत नाही?" पोरगा म्हणाला, "हो सर." एवढंच. मग आमच्याकडे तोंड करून, जरा ओशाळं हसून, ते नेहमीचं वाक्य: "सॉरी, मी माझ्यावरच चिडलोय." ते वाक्य आम्हा तिघांना मिळालं. ज्याच्यावर राग निघाला त्याला 'हो सर' म्हणावं लागलं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की थिएटरमध्येही असंच होत होतं. ऑपरेशन संपल्यावर सर्जन पडद्यावरून मला म्हणायचे, "आज जरा माझीच चिडचिड झाली." सिस्टर तेव्हा खाली वाकून स्वॅब मोजत असे.

बौद्धांच्या मज्झिमनिकायात, करवतीच्या उपमेच्या सुत्तात, वैदेहिका नावाच्या गृहिणीची गोष्ट आहे. श्रावस्तीची. शांत, सौम्य म्हणून गावभर नाव. तिची दासी काळी हुशार, कामाला चोख. काळीच्या मनात आलं, बाईंना राग नाहीच, की मी काम चोख करते म्हणून तो दिसत नाही? तिनं परीक्षा घेतली. एक दिवस उशिरा उठली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या दिवशी आणखी उशीर. शब्द कडवट झाले. त्यानंतर आणखी उशीर केला, तेव्हा बाईंनी दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घातला. काळी रक्ताळलेल्या डोक्यानं शेजाऱ्यांना दाखवत फिरली: बघा, शांत बाईंची करणी. सगळं मनासारखं चाललेलं असताना शांत असणं ही परीक्षाच नव्हे, असं बुद्धांनी या गोष्टीवरून भिक्षूंना सांगितलं. मला या गोष्टीत वैदेहिकेपेक्षा काळी मोठी वाटते. मालकिणीच्या शांतपणाचं प्रमाणपत्र गाव देत होतं. ते खरं की खोटं हे एकट्या दासीला ठाऊक होतं, आणि ते सिद्ध करायला तिला डोकं फोडून घ्यावं लागलं.

कॅडीची बॅग दहा-बारा किलोंची. ऊन तुमच्याइतकंच त्याच्या डोक्यावर. चेंडू रफमध्ये शिरला तर शोधायला नियमानं तीन मिनिटं, आणि ती मुख्यतः त्याची. ग्रीनवर 'डावीकडून एक कप सोडा' हे तो सांगतो. ते बरोबर ठरलं तर फटका तुमचा, चुकलं तर लाइन त्याची. खेळ त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतो, हे तर उघड गुपित. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरनं 1991 साली इंडियन ओपन जिंकली, तीही पहिला भारतीय व्यावसायिक म्हणून. बंगळूरच्या चिन्नस्वामी मुनियप्पानं 2009 मध्ये तीच स्पर्धा जिंकली, तोही पूर्वीचा कॅडी. आपला आठ नंबरचा फटका पाण्यात जाणार हे त्याला आपण हात वर नेला तेव्हाच कळलेलं असतं. तरी तो 'हो सर' म्हणतो.

अमृतचंद्राचार्यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त म्हटलं आहे की कषायानं पेटलेला माणूस पहिल्यांदा स्वतःचीच हिंसा करतो, मग दुसऱ्या जीवाला इजा होवो अथवा न होवो. आमच्या चौकडीतल्या एकांनी हे माझ्याकडून ऐकलं आणि खूश झाले: "बघा, मी म्हणतो तेच. स्वतःवरच!" मी म्हटलं, आचार्य तुमची बाजू मांडत नाहीत, आरोप ठेवताहेत. स्वतःला मारणं ही सूट नाही, तो गुन्ह्याचा पहिला भाग आहे.

दुसरा एक बचाव जरा वजनदार आहे. स्वतःवर चिडल्याशिवाय माणूस सुधारत नाही, रागाला धार असते, वगैरे. यावर माझा अनुभव उलटा आहे. रुग्णालयात मृत्यूंचा आढावा घेणारी बैठक असते. काय चुकलं, कुठे, किती वाजता, कोणी काय पाहिलं. तिथे शिकून गेलेले डॉक्टर मी पाहिले ते हलक्या आवाजात, क्रमवार बोलणारे. छाती बडवून घेणाऱ्यांनी त्याच चुका पुन्हा केल्या, कारण छाती बडवताना मोजता येत नाही. आमच्या प्रतिक्रमणातही दोष एकेक करून आठवायचे असतात. त्यात स्वतःला शिव्या देण्याची जागाच ठेवलेली नाही. चिडलेला गॉल्फर आपला फटका आठवत नाही, तसबीर पुसत बसतो. पुढचा फटका तोच येतो.

भाद्रपदात ऋषिपंचमीला दशलक्षण पर्व सुरू होतं. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. अनंत चतुर्दशी उलटली की क्षमावाणी. त्या दिवशी माझ्या फोनवर क्षमायाचनांचा पूर येतो, हात जोडलेली चित्रं, एकच मजकूर शेकडो जणांना. ज्यांनी आयुष्यात माझं काही बिघडवलं नाही असे लोक माझी क्षमा मागतात. मीही त्यांची मागते. चौकडीतले सगळे, जैन असोत नसोत, आता हौसेनं पाठवतात. या वर्षी पाठवण्याआधी त्या यादीत तुमच्या कॅडीचा नंबर आहे का, तेवढं बघा. बहुधा नसेल. मग येत्या रविवारी पहिल्या टीवर, त्यानं बॅग उचलायच्या आधी, त्याच्याशी बोला, आणि 'मी माझ्यावर चिडलो होतो' असं म्हणू नका. 'तुझ्यावर चिडलो होतो' म्हणा, कारण खरं तेच आहे. टिप नेहमीची द्या. त्या दिवशी वाढवून देऊ नका.